चोवीस कॉर्ड आणि काळी एक : गुरूशिवाय शिकण्याच्या साधनांचा इतिहास

(१)
गेल्या कार्तिकी एकादशीला मी मामाच्या गावी, घोडेगावला होतो. नेवासा तालुक्यातले, नगर–संभाजीनगर रस्त्यावरचे हे गाव जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्याच्या लिलावासाठी ओळखले जाते. शनिशिंगणापूर इथून हाकेच्या अंतरावर. संगीताच्या इतिहासात घोडेगावचे नाव कोणी घेणार नाही. तरीही आजचा थ्रेड तिथूनच सुरू करावा लागतो.

(२)
मामाचा धाकटा मुलगा अकरावीला आहे. त्याने नगरहून एक जुनी गिटार आणली. गावात गिटार शिकवणारे कोणी नाही, त्यामुळे त्याचा सगळा अभ्यास फोनवर चालतो. तारा जुळवायला ट्यूनर, बोटे कुठे ठेवायची ते दाखवणारे कॉर्डचे तक्ते, स्केलचे तक्ते, आणि गाणे ऐकून त्याखाली कॉर्डची नावे छापणारे एक अ‍ॅप. सहा महिन्यांत तो खरोखर बऱ्यापैकी वाजवू लागला आहे. हे मी कौतुकाने लिहितो आहे. पुढचे वाचताना ते विसरू नये.

(३)
एकादशीच्या रात्री भजनाला तो गिटार घेऊन बसला. आदल्या आठवड्यात मंडळाचा एक अभंग त्याने फोनवर ध्वनिमुद्रित करून अ‍ॅपला ऐकवला होता. चाल भीमपलासीची. अ‍ॅपने अर्ध्या मिनिटात निकाल दिला : सी शार्प मायनर, मग ई मेजर, मग बी मेजर, पुन्हा सी शार्प मायनर, मध्येच एफ शार्प मेजर. पोराने ते पाठ केले. भजन सुरू झाले आणि दोन ओळींतच पेटीवाल्या आप्पांनी मान वर केली. “अरे, तू सारखा घर का बदलतोस? आपण काळी एकमध्ये बसलोय, तिथंच बस की!”

पोरगा म्हणाला, “आप्पा, यात तसंच दाखवलंय.”

(४)
‘काळी एक’ म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी, म्हणजेच ट्यूनरच्या भाषेतला सी शार्प. स्वराच्या जागेबद्दल दोघांचे एकमत होते. वाद होता तो दुसऱ्याच गोष्टीवर. आप्पांच्या संगीतात एक षड्ज धरून बसायचे असते आणि चाल त्याच्याभोवती फिरते. अ‍ॅपच्या संगीतात चालीखालची जमीनच दर दोन मात्रांनी हलायला हवी. ई मेजरमधले तिन्ही स्वर भीमपलासीत आहेत, बी मेजरमधलेही आहेत. म्हणून अ‍ॅपचे गणित चुकले असे म्हणता येत नाही. त्याला जो प्रश्न विचारायला शिकवले आहे त्याचे उत्तर त्याने दिले. तो प्रश्न मात्र या अभंगाचा नव्हता.

मग तो प्रश्न आला कुठून? इथे इतिहास सुरू होतो आणि तो आपल्याला आधी थेट सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये नेतो.

(५)
ध्वनिमुद्रण ऐकून कॉर्ड ओळखण्याची पद्धत साधारण अशी आहे. आवाजाचे बारीक तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येचा जोर किती आहे ते मोजायचे. हे मोजणे वेगाने करण्याची रीत कूली आणि ट्यूकी या दोघांनी १९६५ साली मांडली आणि आज प्रत्येक फोनमध्ये तिचेच कोणते ना कोणते रूप राबते आहे. मग मंद्र, मध्य, तार असा भेद पुसून सगळा जोर बारा कप्प्यांत भरायचा, एका स्वराला एक कप्पा. ताकुया फुजिशिमा या जपानी संशोधकाने १९९९ साली कॉर्ड ओळखण्यासाठी हे बारा कप्प्यांचे चित्र वापरले आणि पुढचे बहुतेक संशोधन त्याच वाटेने गेले. शेवटी ते चित्र तयार साच्यांशी ताडून पाहायचे. साचे किती? बारा मेजर आणि बारा मायनर. एकूण चोवीस. आज काही अ‍ॅपना याहून जास्त साचे ठाऊक असतात, परंतु या क्षेत्राची मूळ बाराखडी चोवीस अक्षरांचीच आहे.

(६)
आता हा आकडा लक्षात ठेवून १५९६ मध्ये चला. बार्सिलोनाच्या परिसरातला एक तरुण वैद्य, जुआन कार्लेस आमात, ‘गिटारा एस्पान्योला’ नावाची छोटीशी पुस्तिका लिहितो. त्या काळची गिटार पाच जोडतारांची होती. आमात शिकवतो ते राग-रागिण्यांसारखे काही नव्हे, मोठमोठ्या रचनाही नव्हेत. तो सांगतो, बोटे इथे ठेवा, हात फिरवा, गाण्याची साथ होईल. त्याने कॉर्डना आकडे दिले, एक ते बारा. प्रत्येक आकड्याचे दोन प्रकार, एक मोठ्या गंधाराचा, एक लहान गंधाराचा. बारा दुणे चोवीस. आणि ते सगळे त्याने एका वर्तुळात मांडले, म्हणजे गायकाची पट्टी बदलली तर वर्तुळावर तितकी घरे सरकायचे, की झाले.

एका वैद्याने फावल्या वेळात केलेली ही पुस्तिका पुढे जवळजवळ दोनशे वर्षे पुन्हा पुन्हा छापली गेली. आज फोनवर कॉर्डचे जे फिरते वर्तुळ दिसते ते पाहून आमातला फारसे आश्चर्य वाटले नसते.

(७)
दहा वर्षांनी, १६०६ मध्ये, इटलीत जिरोलामो मोन्तेसार्दोने आकड्यांऐवजी अक्षरे छापली. गंमत अशी की या अक्षरांचा स्वरांच्या नावांशी काहीच संबंध नव्हता. त्याच्या ‘ए’चा अर्थ होता आजचा जी मेजर, ‘बी’चा अर्थ सी मेजर. शिकणाऱ्याला स्वर कळण्याची गरजच नव्हती. अक्षर पाहायचे आणि बोटे ठेवायची. गाण्याच्या शब्दांवर अशी अक्षरे छापलेली पुस्तके इटलीत पुढे कित्येक दशके खपली. शब्दांवर कॉर्ड लिहिलेली पाने आज आपण पाहतो, त्यांचे हे पणजोबा.

(८)
आणि तक्रारही लगेच आली. १६११ मध्ये सेबास्तिआन दे कोवार्रुबियास हा स्पॅनिश कोशकार आपल्या शब्दकोशात हळहळतो की पूर्वी लोक विहुएला हे वाद्य मन लावून शिकत, आता ही सोपी गिटार आली आणि तबेल्यातले पोरगेसुद्धा वादक म्हणून मिरवू लागले. घोडेगावात बसून हे वाचताना मला हसू आवरले नाही.

परंतु तक्रारीच्या आत एक खरी गोष्टही होती. विहुएलासाठी लुईस मिलानने १५३६ मध्ये छापलेल्या पुस्तकात सहा रेघा आहेत, प्रत्येक रेघ म्हणजे एक तार, रेघेवर पडद्याचा आकडा, आणि प्रत्येक स्वर किती वेळ टिकवायचा याच्या खुणा वर. कोणता स्वर, कोणत्या तारेवर, किती काळ, हे सगळे त्यात आहे. अक्षरांच्या पद्धतीत यातले पुष्कळसे गळाले. दार रुंद झाले, आणि त्या दारातून आत नेता येणारे सामान कमी झाले.

(९)
आता महाराष्ट्रात येऊ, कारण नेमका हाच व्यवहार आपल्याकडे विसाव्या शतकाच्या तोंडावर झाला. आणि माझे मत स्पष्ट सांगतो, त्यावरचा वाद आपल्याकडे युरोपपेक्षा अधिक खोलवर झाला.

गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राबावे लागे. चीज मिळेलच याची खात्री नसे. बाई असाल, ‘चुकीच्या’ जातीत जन्मला असाल, किंवा नुसते गरीब असाल, तर प्रश्नच संपला. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि स्वरलेखन वर्गात आणले, ही सुरुवात. पण ज्यांनी ते घरोघर पोहोचवले ते दोघे विष्णू : विष्णू दिगंबर पलुसकर आणि विष्णू नारायण भातखंडे.

(१०)
पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांची दृष्टी गेली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले, १८९६ च्या सुमारास मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ज्याला स्वतःला छापील ओळ वाचता येत नव्हती, त्या माणसाने स्वरलिपी घडवली आणि ‘संगीत बालप्रकाश’सारखी पाठ्यपुस्तके काढली. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. पुढे कर्जापायी मुंबईची इमारत लिलावात गेली. तरी तोवर त्यांचे शिष्य गावोगाव पोहोचले होते.

(११)
भातखंडे मुंबईचे, पेशाने वकील. पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत शिकले आणि मग देशभर फिरून उस्तादांकडून बंदिशी गोळा केल्या. त्यासाठी फोनोग्राफही वापरला. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग आजही संगीत-विद्यार्थ्यांच्या हातात आहेत. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली टिंब, तारसप्तकासाठी वर टिंब. पलुसकरांच्या लिपीत कोमलाला हलन्ताची खूण, मंद्राला वर टिंब, तारसप्तकाला वर उभी रेघ, आणि एक मात्रा, अर्धी मात्रा, पाव मात्रा यांच्यासाठी स्वतंत्र चिन्हे. पलुसकरांची लिपी लयीच्या बाबतीत अधिक काटेकोर आहे. तरी जास्त चालली ती भातखंड्यांचीच, कारण ती लिहायला, वाचायला आणि छापायला सोपी होती. आमातच्या पुस्तिकेचे जे झाले तेच.

(१२)
भातखंड्यांचे दुसरे काम आजच्या ‘स्केल’च्या तक्त्यांशी थेट जोडलेले आहे. त्यांनी रागांचे वर्गीकरण दहा थाटांत केले. गिटारच्या कोणत्याही अ‍ॅपमधला स्केलचा विभाग उघडा : मेजर म्हणजे बिलावल, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, डोरियन म्हणजे काफी, नैसर्गिक मायनर म्हणजे आसावरी, फ्रिजियन म्हणजे भैरवी. दहापैकी सहा थाट तुम्हाला तिथे परक्या नावांनी भेटतील. भीमपलासी काफी थाटातला, म्हणून माझ्या मामेभावाच्या अ‍ॅपने त्याला ‘डोरियन’ म्हटले, तर ते बरोबरच आहे.

बरोबर, पण अपुरे. भूपाळी आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. अ‍ॅपच्या दृष्टीने दोन्ही एकच, ‘मेजर पेंटॅटॉनिक’. भातखंड्यांच्या मांडणीत मात्र भूपाळी कल्याण थाटाचा, वादी गंधार, वेळ रात्रीची. देशकार बिलावल थाटाचा, वादी धैवत, वेळ सकाळची. एक राग गंधारावर विसावतो, दुसरा धैवतावर झेपावून उभा राहतो. ज्याने दोन्ही ऐकले आहेत त्याची गल्लत होत नाही. ज्याने फक्त तक्ता पाहिला आहे त्याला ते दोन राग आहेत हेच कळण्याची सोय नाही.

(१३)
आणि गंमत पाहा, तुम्ही रागाचा सांगाडा केलात, हाच आरोप भातखंड्यांवरही झाला. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु एक गोष्ट टीकाकार सहसा विसरतात. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा मोठा मराठी ग्रंथ, चार भागांचा, १९१० पासून निघत गेलेला, संवादरूपात लिहिला आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. शिष्य हट्टाने पुन्हा विचारतो, गुरू कधी कबूल करतो की याबाबत एकमत नाही, अमुक घराण्यात असे गातात आणि तमुक घराण्यात तसे. गुरूशिवाय शिकता यावे म्हणून आयुष्य घालवणाऱ्या माणसाने पुस्तकाच्या आत गुरू बसवला. शंकेला जागा ठेवणारे असे शिकण्याचे साधन त्यानंतर मी फारसे पाहिलेले नाही. फोनवरचा तक्ता ‘याबद्दल मतभेद आहेत’ असे कधीच म्हणत नाही.

(१४)
याच सुमारास दुसरा एक वाद पेटला, पट्ट्यांचा. आप्पांच्या पेटीचा.

हार्मोनियम मूळची फ्रान्समधली. अलेक्सांद्र देबॅ याने १८४० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसमध्ये तिचे पेटंट घेतले. मांडी घालून एका हाताने भाता मारता येईल अशी तिची आवृत्ती कलकत्त्यात घडली आणि शतक संपण्याच्या आत ती देशभर पसरली. मराठी रंगभूमीने तिला डोक्यावर घेतले. ‘मानापमान’ला १९११ मध्ये संगीत देणारे गोविंदराव टेंबे हे तिचे मोठे वादक. पेटीत सप्तकाचे बारा ठरावीक स्वर. मींड नाही, दोन पट्ट्यांच्या मधली जागा नाही.

(१५)
ही बारा घरे समान अंतराची करण्याचे गणित सोळाव्या शतकातले. चीनमध्ये जू झाईयू याने ते १५८४ मध्ये मांडले, युरोपात काही वर्षांनी सिमॉन स्टेविनने. प्रत्येक स्वर मागच्याच्या सुमारे १.०५९४६ पट. गिटारवर हे गणित डोळ्यांना दिसते. तार ६४८ मिलिमीटर लांब असेल तर पहिला पडदा सुमारे ३६.४ मिलिमीटरवर बसतो, पुढचा त्याच्यापासून ३४.३ वर, असे कमी होत होत बारावा पडदा नेमका मध्यावर, ३२४ वर. कोणत्याही पडद्यापासून सुरुवात करा, स्केल सारखेच वाजते. म्हणून तर आमातचे वर्तुळ फिरू शकते.

किंमत एवढीच की तानपुऱ्याच्या खर्जातून जो शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो, त्याच्याशी हा गंधार जुळत नाही. सप्तकाचे १२०० भाग केले तर तानपुऱ्याचा गंधार ३८६ व्या भागावर येतो आणि गिटारचा बरोबर ४०० वर. चौदा भागांचा फरक. कानाला सवय नसेल तर कळणार नाही. कळल्यावर मात्र विसरता येत नाही.

(१६)
या चौदा भागांसाठी सांगलीकडचे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर झटले. कृष्णाजी बल्लाळ देवल. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायनाच्या आधाराने श्रुती मोजण्याचा प्रयत्न केला आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. ई. क्लेमेंट्स नावाचे सनदी अधिकारी त्यांना येऊन मिळाले. त्यांचे पुस्तक १९१३ चे. दोघांच्या खटपटीतून ‘श्रुती हार्मोनियम’ तयार झाली. बारा पट्ट्यांत न मावणारे स्वरही तीत होते. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवरून चांगलेच रण माजले. भातखंड्यांचा व्यवहार बारा स्वरांचा. गायकाचा गळा क्षणाक्षणाला जे करतो ते यंत्रात ठोकून बसवता येणार नाही, अशी त्यांच्या बाजूची धारणा.

श्रुती हार्मोनियम चालली नाही. महाग, अवघड, आणि बारा पट्ट्यांच्या पेटीवर लोक खूश. पण देवलांचा ध्यास संपला नाही. डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या काळात पुन्हा बावीस श्रुतींची पेटी घडवली. एकच प्रश्न शंभर वर्षांच्या अंतराने दोन मराठी माणसांना झोपू देत नाही, हे मला विलक्षण वाटते.

(१७)
दुसऱ्या टोकाला सरकार होते. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने आपल्या सर्व केंद्रांवर हार्मोनियमला बंदी घातली. रवींद्रनाथांचाही या वाद्याला विरोध होता. ही बंदी अंशतः उठायला १९७१ उजाडले. तीस वर्षे देशातल्या सर्वांत लोकप्रिय वाद्याला देशाच्या रेडिओवर जागा नव्हती.

आणि त्या तीस वर्षांत गावोगावच्या भजनी मंडळांत काय झाले? काहीही नाही. पेटी वाजतच राहिली. इतकी, की षड्ज कुठला हे सांगायची भाषाच पेटीची झाली. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’, ‘काळी चार’. आप्पा ज्याला परंपरा म्हणतात तिची परिभाषा फ्रान्समधून कलकत्त्यामार्गे आलेल्या एका यंत्राच्या पट्ट्यांवर लिहिलेली आहे. मी हे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “असंल. पण पेटी माझ्या मागं येते, मी पेटीच्या मागं जात नाही.” यातला भेद मला अनेक शोधनिबंधांपेक्षा अधिक नेमका वाटला.

(१८)
राहिला प्रश्न कॉर्डचा. आपल्याकडे चाल होती, षड्ज होता, ताल होता. चालीखालून सरकत जाणारे स्वरांचे गुच्छ नव्हते. ते मुख्यतः दोन वाटांनी आले.

एक वाट चर्चची. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते आणि घोडेगावच्याच रस्त्यावर पुढे वडाळ्याला त्यांचे मोठे केंद्र होते. मिशनऱ्यांच्या उपासनेत पाश्चात्त्य चाली आल्या, ज्यांचा पायाच चार आवाजांच्या संवादावर. परंतु रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, ज्यांच्या आयुष्याचा मोठा काळ नगरमध्ये गेला, मराठी ख्रिस्ती गीतांसाठी अभंग आणि ओवी जवळ केली. म्हणजे ‘घर बदलायचे की एका घरी बसायचे’ हा प्रश्न या रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेला होता, आणि टिळकांचे उत्तर आप्पांच्या बाजूचे होते.

(१९)
दुसरी वाट गोव्याची, आणि तीच निर्णायक ठरली. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या गावशाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. तिथून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि मग चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन शिकले. संयोजक सेबास्टियन डिसोझा. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट. सुरुवातीच्या चित्रपटगीतांत सगळी वाद्ये बहुधा गायकाचीच चाल वाजवत. या लोकांनी चालीखाली कॉर्ड घातले, प्रतिचाली रचल्या. पडद्यावर मात्र त्यांची नावे क्वचितच आली.

आज कोणताही मराठी मुलगा गिटारवर पहिले हिंदी गाणे वाजवतो तेव्हा तो या निनावी माणसांचे काम बोटांखाली घेत असतो. अ‍ॅप गाण्याखाली कॉर्ड ‘शोधते’ असे आपण म्हणतो. ते कॉर्ड गाण्यात आधी कोणीतरी ठेवलेले असतात. अभंगात कोणी ठेवलेले नव्हते, म्हणून अ‍ॅपला ते स्वतःच्या पदरचे घालावे लागले.

(२०)
उरलेला प्रवास झपाट्याने. चित्रपटांतून कॉर्ड आले तरी शिकण्याची साधने बराच काळ तुटपुंजीच होती : कॅसेट मागे-पुढे करून कानाने उतरवायचे, ऑर्केस्ट्रातल्या एखाद्या वादकाच्या वहीची झेरॉक्स मिळवायची. १९९२ मध्ये अमेरिकेत नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगास इथल्या संगणकावर गिटारच्या स्वरलेखनाचा एक सामायिक साठा उभा राहिला, ‘ऑन-लाइन गिटार आर्काइव्ह’. लोकांनी कानाने उतरवलेली गाणी साध्या टंकलिखित अक्षरांत : सहा आडव्या रेघा आणि त्यांवर पडद्यांचे आकडे. मिलानच्या १५३६ च्या पानावरही सर्वांत बारीक तार वरच्या रेघेवर आहे, इथेही तसेच. फरक इतकाच की मिलानने काळ लिहिला होता, इथे तो बहुधा नसे. गाणे आधी ऐकलेले असेल तरच ते वाचता येई.

स्वामित्वहक्काच्या नोटिसा १९९६ पासून येऊ लागल्या आणि २००६ मध्ये तो साठा बंद झाला. हजारो अनाम लोकांनी फुकट केलेले काम होते ते. कोणत्याही उस्तादाने चीज लपवून ठेवल्याची गोष्ट आपण तिखटमीठ लावून सांगतो. ही गोष्टही सांगायला हवी.

(२१)
आपल्या संगीतासाठी निराळी साधनेही घडली. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला, आता तो फोनमध्ये आला आहे. २०११ पासून काही वर्षे बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाने ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प चालवला. त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचा संगणकीय अभ्यास होता आणि आयआयटी मुंबईतल्या संशोधकांचाही सहभाग होता. तिथे स्वर बारा कप्प्यांत कोंबत नाहीत. गायकाचा स्वर क्षणोक्षणी कुठे आहे याची अखंड रेषा काढतात, मींड आणि आंदोलनासकट. आमातच्याच मुलुखात चारशे वर्षांनी कोणीतरी म्हणत होते की बारा घरे पुरणार नाहीत. ते संशोधन अजून माझ्या मामेभावाच्या फोनपर्यंत आलेले नाही.

(२२)
“मग अ‍ॅप काढून टाकू का?” असे त्याने मला दुसऱ्या दिवशी विचारले. मी नको म्हणालो. घोडेगावात राहणाऱ्या, शिकवणीला पैसे नसलेल्या मुलाला शिकू देणारे साधन फेकून दे, असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? हेच वाक्य १९०१ मध्ये पलुसकरांच्या पुस्तकांबद्दल कोणी म्हटले असते, तर आज आपण त्याला काय म्हटले असते? मी त्याला भूपाळीचे एक आणि देशकारचे एक ध्वनिमुद्रण पाठवले आणि दोन्ही पुन्हा पुन्हा ऐक, एवढेच सांगितले.

(२३)
पंधरा दिवसांनी त्याने भजनाचा एक तुकडा ध्वनिमुद्रित करून पाठवला. आप्पांच्या सांगण्यावरून त्याने गिटारच्या तीन जाड तारा उतरवल्या होत्या : सहावी ‘ई’वरून तीन घरे खाली, पाचवी ‘ए’वरून एक घर, चौथी ‘डी’वरून एक घर. काळी एकचे सा, प, सा. त्या तिन्ही तो नुसत्या झंकारत ठेवतो आणि बारीक तारांवर आप्पांच्या पेटीमागून चाल गाठत जातो. कोमल गंधारावर तार किंचित ओढून पडद्याच्या वरची जागा शोधतो. कधी सापडते, कधी निसटते. गंधार कोमलाहूनही उतरता हवा असेल तर काय करायचे, हे त्याला अजून कळलेले नाही, कारण ओढल्याने तार फक्त चढते. तारा अशा लावल्यापासून ट्यूनर सारखी लाल खूण दाखवतो, अशी त्याची तक्रार आहे.